शून्य परत येत नाही

आफ्रिकेतले ते दोन देश मी नकाशावरही कधी नीट पाहिले नव्हते. एक समुद्रकाठचा, दुसरा डोंगरांनी वेढलेला, दोन्ही अगदी लहान. त्यांच्या उद्योगांतून नायट्रस ऑक्साइड नावाचा वायू किती बाहेर पडतो, याचे आकडे शेजारी शेजारी मांडायचं काम आमच्या ऑफिसकडे आलं होतं. मी तेव्हा साठी ओलांडलेला कंत्राटी माणूस होतो. तरुण मुलांनी कॉम्प्युटरवर भरलेले आकडे मूळ कागदांशी ताडून पाहायचे आणि चुकलं असेल तिथे लाल खूण करायची, एवढंच माझं काम. त्या तक्त्यानं माझं काय केलं ते सांगायचं तर माझ्या भावोजींबद्दल, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याबद्दल, सांगावं लागेल. पण सुरुवात तक्त्यापासूनच करतो. तो आला नसता तर मी गप्प राहूनच मेलो असतो.

ऑफिस परळला, एका बंद पडलेल्या मिलच्या आवारात बांधलेल्या काचेच्या इमारतीत होतं. ज्या मिलमध्ये मी नोकरी केली ती तिथून दोन गल्ल्या पलीकडे. आमची टीम लीडर पंचविशीतली मुलगी होती, बोलायला झटपट आणि मनानं चांगली. मला काका म्हणायची. तिनंच मला हा वायू समजावला. खताच्या कारखान्यांत एक आम्ल करतात, नायलॉनच्या धाग्यासाठी दुसरं एक करतात, त्यातून हा वायू सुटतो आणि हवा तापवतो. शिवाय ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायला दवाखान्यांतही तो वापरतात, तेही याच हिशेबात धरायचं.

"नायलॉन म्हणजे आमच्या सुताचा शत्रू," मी म्हणालो.

"काका, तुम्ही कुठूनही मिलवर येता ना!" ती हसली. "हे बघा, इझी आहे. हा डोंगरवाला देश एकदम क्लीन, झिरो. समुद्रवाल्याचं थोडंसं दिसतंय. क्लायंटला एवढंच पाहिजे, दोघांत चांगला कोण."

मी मूळ कागद काढले. समुद्रकाठच्या देशात खताचा कारखाना नव्हता आणि नायलॉनचाही नव्हता. पण तिथल्या कोणा कारकुनानं दवाखान्यादवाखान्यांतून भूल देण्याच्या वायूची किती सिलिंडरं लागली याची चौकशी केली होती. दवाखान्यांची यादी जोडलेली होती, दोन ठिकाणी उत्तर आलं नाही असंही लिहिलं होतं. त्या माणसाच्या पायपिटीमुळे त्याच्या देशाच्या नावापुढे एक बारीकसा आकडा आला होता. डोंगरातल्या देशाच्या कागदावर मात्र शून्य नव्हतंच. अशा तक्त्यांत दोन वेगळ्या खुणा चालतात. एक सांगते, हा उद्योग इथे नाही. दुसरी सांगते, असेलही, पण आम्ही मोजलेलं नाही. डोंगरातल्या देशानं ही दुसरी खूण केली होती. आमच्या कॉम्प्युटरनं आलेख काढताना तिचं शून्य केलं होतं आणि न मोजणारा देश स्वच्छ ठरला होता.

मी लाल खूण केली आणि तिच्या टेबलाशी गेलो. तिनं पाहिलं, ओठ चावला.

"बरोबर आहे तुमचं. पण काका, रिकामं ठेवलं ना, की क्लायंट परत पाठवतो. झिरो असला की कोणी विचारत नाही."

मी तिथेच तिच्या शेजारच्या खुर्चीत बसलो. तिनं पाणी आणून दिलं. तिला वाटलं माझी शुगर उतरली.

हेच वाक्य मी एकवीस वर्षांचा असताना ऐकलं होतं. मिलच्या लेबर ऑफिसात मी नवा कारकून लागलो होतो. हेडक्लार्क गिरगावातले, पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी केलेल्या घरातले. धोतर-कोट, स्वच्छ अक्षर, कधी आवाज न चढवणारे. दर वर्षी सरकारी कचेरीकडे एक तक्ता जायचा. त्यात एक रकाना होता: कामामुळे छातीचा विकार झालेले कामगार किती. मी विचारलं, "हा कसा भरायचा? डॉक्टरांनी तर कोणाला तपासलेलंच नाही." ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "बाळ, रिकामा रकाना परत येतो. शून्य कधी परत येत नाही."

मी शून्य लिहिलं. पुढे दर वर्षी लिहीत गेलो. हेडक्लार्क निवृत्त झाले, त्यांच्या खुर्चीत मी बसलो, आणि हाताखालच्या पोराला मीही तेच शिकवलं.

ही नोकरी मला भावोजींमुळे मिळाली होती. गावाहून मला ताईनं आणलं आणि भोईवाड्याच्या चाळीत आपल्या एका खोलीत ठेवलं. मला अभ्यासाला दिवा मिळावा म्हणून भावोजी गॅलरीत झोपायचे. ते मिलमध्ये कार्डिंग खात्यात होते. तिथे यंत्रांवर कापूस विंचरला जातो आणि बारीक तंतू दिवसभर हवेत उडत राहतात. घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या असायच्या. ताई उंबऱ्यावरच त्यांना अडवून फडक्यानं झटकायची. "म्हातारे होऊन आले बघा," म्हणायची. मी उशिरा का होईना मॅट्रिक झालो तेव्हा त्यांनी ओळखीपाळखी काढून मला लेबर ऑफिसात चिकटवलं. मला म्हणाले, "घरातला एक तरी माणूस कापसाच्या भायेर बसाक होया."

भावोजींची छाती सोमवारी धरायची. रविवारची सुट्टी संपवून कामावर गेले की दुपारपर्यंत छाती आवळल्यासारखी व्हायची, संध्याकाळी दोन जिन्यांना तीनदा थांबायचे. मंगळवारी कमी, शनिवारपर्यंत बरे. सोमवारी त्यांचा उपास असायचा, म्हणून घरात सगळे म्हणायचे की उपास सोसत नाही. जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, चेष्टा करायचा, "काय रे, रविवारी बायको मारते काय तुला?" आणि ताई म्हणायची, बिडी. दिवसाला एक बंडल ओढायचे ते. ताईचं आणि बिडीचं उघड वैर होतं. ती बंडल लपवायची, ते शोधायचे, आणि सापडलं की मला डोळा मारायचे.

पण सोमवारी छाती धरणारे ते एकटे नव्हते. कार्डिंगमधले कितीतरी जण सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा मागायचे. ते अर्ज माझ्याच टेबलावर यायचे. कारणात 'दम' लिहिलेलं असायचं. कापसाच्या धुळीचा दम सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशीच जास्त धरतो. मी ते अर्ज फाइलला लावायचो आणि वर्षअखेर त्याच हातानं शून्य लिहायचो. मला दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही. दिसत होतं.

मग संप झाला. भोंगे बंद झाले. पहिले काही महिने माणसं उद्या सुटेल, परवा सुटेल म्हणत होती. भावोजींना घरी बसवेना. त्यांच्या ओळखीचा एक कोळी कफ परेडच्या मच्छीमार नगरात होता. त्याच्याकडे ते जाऊ लागले. होड्यांवरून मासळीच्या पाट्या उतरवायच्या, बोंबील वाळत घालायचे, जाळी ओढायची. अंगमेहनत मिलपेक्षा जास्त. संध्याकाळी घरी आले की सगळ्या मजल्याला वास यायचा.

"यापेक्षा कापूस परवडला," ताई नाक मुरडून म्हणायची.

"कापूस तळून खाशील काय?" ते पिशवीतून मांदेली काढत विचारायचे.

त्या काळात बिडी दुप्पट झाली होती. कामाच्या मधल्या वेळात कोळ्यांच्या संगतीत ओढायचे आणि घरी चिंतेनं ओढायचे. तरीही ते दोन्ही जिने न थांबता चढायचे. एकदा तर पाटी डोक्यावर घेऊन शीळ वाजवत चढले. खालच्या मजल्यावरची म्हातारी ताईला म्हणाली, "नवरा जवान झाला गो तुझा." ताई लाजली होती. ही गोष्ट मला लख्ख आठवते, कारण तेव्हा मी दारातच उभा होतो आणि माझ्या मनात आलं होतं: कापूस बंद झाला म्हणून.

मनात आलं आणि मी ते तिथेच सोडून दिलं.

संप कधी संपला असं कोणी सांगू शकत नाही. हळूहळू मिलचं फाटक अर्धवट उघडलं. आमच्या मिलनं मोजकी माणसं परत घ्यायचं ठरवलं. घेण्याआधी प्रत्येकाचा तब्येतीचा फॉर्म भरायचा होता. ज्याला काही तक्रार असेल तो बाद. डॉक्टर आठवड्यातून दोनदा दोन-दोन तास यायचे. गर्दी एवढी की त्यांनी कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गठ्ठा माझ्याकडे दिला होता. बाकीचं मी भरायचं.

भावोजी माझ्यासमोर स्टुलावर बसले. फॉर्मवर ओळ होती: छाती. मी लेखणी थांबवली. खरंच थांबवली. ते पुढे वाकून हलक्या आवाजात म्हणाले, "काय बघतंस? लिव, बरो आसंय मी."

"भावोजी, कार्डिंगलाच घालतील परत. दुसरीकडे जागा नाही."

"मग? पोरांका काय बोंबीलच घालू जन्मभर?"

त्यांचा मुलगा तेव्हा आठवीत होता, मुलगी सहावीत. मी लिहिलं: छाती निरोगी. त्या दिवशी मला वाटलं, त्यांनी माझ्यासाठी जे केलं त्याची आज परतफेड झाली. ताईनं शिरा केला. मी दोनदा मागून घेतला.

सहा वर्षांत ते संपले. आधी सोमवार परत आला. मग मंगळवारही सोमवारसारखा झाला आणि शेवटी आठवड्याचे सगळे वार सारखेच झाले. बसून झोपायला लागले. परळच्या दवाखान्यात दाखल केलं तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरनं मला बाजूला घेतलं. मी शिकलेला, मिलच्या ऑफिसातला, म्हणून मला विचारलं.

"कार्डिंगला किती वर्षं?"

"वीसएक."

"मिलमध्ये धुळीमुळे छातीचा त्रास झालेले आणखी कोणी आहेत? काही नोंद?"

आम्ही दोघं ऑपरेशन थिएटरबाहेरच्या पॅसेजमध्ये उभे होतो. भिंतीला निळी सिलिंडरं साखळीनं बांधून ठेवली होती. मी त्यांच्याकडे बघत उभा राहिलो. ती भूल द्यायच्या वायूची होती हे मला तेव्हा माहीत नव्हतं. 'हो' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग तुम्ही दर वर्षी काय लिहिता? आणि तो फॉर्म कोणी भरला?

"नाही, डॉक्टर," मी म्हणालो. "रेकॉर्ड आहे आमचं. एकही केस नाही. हे बिडी फार ओढतात."

ताई दोन पावलांवर उभी होती. तिनं ऐकलं. डॉक्टरनं कागदावर बिडी लिहिलं.

त्या दिवसापासून ताई भावोजींशी बोलली नाही. सेवा सगळी केली. अंग पुसलं, पेज भरवली, रात्र रात्र पाठीला हात लावून बसली. पण तोंडातून शब्द काढला नाही. अठरा दिवस. मग उशाखाली बंडल सापडलं, तेव्हा ते खिडकीतून फेकून म्हणाली, "बिडीनं तुम्ही माझं घर खाल्लंत." त्यांना बोलायला दम नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. फॉर्म ठाऊक होता, सोमवार ठाऊक होता, आणि मी डॉक्टरला काय सांगितलं असेल हेही त्यांनी ओळखलं असणार. मग ताईकडे बघून म्हणाले, "खरा आसा तुझा." दोन दिवसांनी गेले.

आमच्याकडे पितृपक्षात म्हाळ घालतात, तेव्हा गेलेल्या माणसाचं पान वाढतात. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर, आणि त्या माणसाला जे आवडायचं ते. कोणासाठी तपकीर ठेवतात, कोणासाठी विडा ठेवतात. भावोजींच्या पानाशेजारी बिडी कधी ठेवली गेली नाही. भाचा मोठा झाल्यावर एकदा म्हणाला, "आई, बाबांना एक बिडी ठेवू या ना." ताई कडाडली, "ज्यानं त्यांना नेलं तेच वाढू?" मी पाटावर बसलो होतो. दरवर्षी त्या पानासमोर मी बसायचो आणि जेवायचो.

तर त्या दिवशी काचेच्या ऑफिसात ती मुलगी मला पाणी देऊन म्हणाली, "काका, एवढं टेन्शन नका घेऊ. थांबा." तिनं कॉम्प्युटरवर काहीतरी बदललं. डोंगरातल्या देशाच्या जागी आलेख रिकामा झाला आणि खाली ओळ आली, मोजलेलं नाही, म्हणून तुलना करता येत नाही. समुद्रकाठच्या देशाच्या खाली तिनं लिहिलं की हा आकडा दवाखान्यांचा आहे आणि त्यांनी तो विचारून घेतला आहे.

"झालं. खूश?"

मी घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं लागली होती. क्लायंटनं तो तक्ता परत पाठवला का, तर हो, पाठवला. एक शंका विचारली, तिनं दोन ओळींत उत्तर दिलं. कोणाची नोकरी गेली नाही. इतकी वर्षं मी ज्याला घाबरलो ते एवढंच होतं.

पुढच्या सोमवारी मी ताईकडे गेलो. चाळ पाडून तिथे टॉवर झाला आहे, ती आता अकराव्या मजल्यावर राहते. मुलगा-सून कामावर गेले होते. ताई ताटात सुका जवळा निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. शून्य, अर्ज, फॉर्म, डॉक्टर. आफ्रिकेतल्या त्या कारकुनाचंही सांगितलं, ते तिला कितपत कळलं कोण जाणे. ती जवळ्यातले खडे एका बाजूला सारत राहिली.

मग म्हणाली, "संपात जिना शीळ वाजवत चढायचे."

"हो."

"आणि बिडी तर तेव्हा जास्त होती."

"हो, ताई."

"मला दिसलं होतं रे. मी म्हटलं, समुद्राची हवा." तिचा हात ताटात थांबला. "म्हणजे बिडीनं नाही गेले?"

हो म्हणावंसं फार वाटलं. त्यासाठीच तर मी आलो होतो. पण आयुष्यात एकदा तरी त्या रकान्यात खरं लिहायचं होतं.

"ठाऊक नाही, ताई. बिडीनं किती आणि कापसानं किती, कोणी तपासलंच नाही. तपासायचं तेव्हा मी शून्य लिहिलं."



"इतकी वर्षं मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "रागवायला काहीतरी होतं. तेही काढून घेतलंस, मेल्या." आणि मग, अगदी हळू, "अठरा दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही."

मी म्हटलं, तो दोष माझा. ती म्हणाली, "तोंड माझं होतं." मग ताट उचलून आत गेली आणि आतूनच म्हणाली की पोरांना हे तू सांग, मी सांगणार नाही. मी दार ओढून घेऊन खाली उतरलो. लिफ्ट होती, पण मी जिन्यानं उतरलो.

त्यानंतर तिनं मला फोन केला नाही. म्हाळाच्या आदल्या दिवशी सुनेकरवी निरोप आला: येताना बिडीचं बंडल आण.

मी आणलं. पान वाढून झालं होतं. ताईनं माझ्या हातून बंडल घेतलं, पानाशेजारी ठेवलं. थोड्या वेळानं उचललं. पुन्हा ठेवलं. भाचा आणि भाची एकमेकांकडे बघत होते, कारण जे घरात कधी यायचं नव्हतं ते आईच मांडत होती आणि काढत होती. सगळे पाटावर बसले तरी ते बंडल तिच्या मुठीतच होतं. तिनं ते पानाशेजारीही ठेवलं नाही आणि फेकलंही नाही.

"मामा, हे काय?" भाचीनं मला विचारलं.

त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. म्हणून हे लिहून दोघांच्या हातात देतो आहे.